बाईंनी माझी पाटी ठेवून घेतली

आमच्या कुसुमबाई आज सकाळी गेल्या. मी अजून रडलेले नाही. आधी हे लिहून काढते.

नव्वदीला टेकल्या होत्या. त्यांच्या भाच्याचा मेसेज आला, "मावशी शांतपणे गेली."
बाई आणि शांत! असो.

वालूरच्या शाळेत त्या आल्या तेव्हा मी चौथीत होते. निजामाचं राज्य जाऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. शाळा मराठी झाली होती, आणि शिकवायला बाईमाणूस आलेलं गाव पहिल्यांदाच बघत होतं.

मी वर्गात तोंड उघडत नसे. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायचे.

माझे वडील, म्हणजे आमचे दादा, आईला म्हणायचे, "तितं गप बसून काय करायली ही? दिवाळी झाली की शाळंतून नाव काढतो. मेंढरामागं तरी जाईल."

मला शाळा सोडायची नव्हती. पण तेही मी कुणाला बोलले नव्हते.

बाईंची एक पद्धत होती. शनिवारी शाळा सुटली की एका माणसाला गाठायचं, पाच प्रश्न विचारायचे, सोमवारी वर्गासमोर सांगायचं. आता याला इंटरव्ह्यू म्हणतात, त्याचे क्लास निघालेत. तेव्हा पोरांना तो बाईंचा चाळा वाटायचा.

परक्या माणसाशी बोलायची माझी छाती नव्हती. मी दादांनाच गाठलं आणि पाटीवरचे प्रश्न धडाधड वाचले.

"दादा, तुमी शाळेत गेलते का?"
"दोन वर्सं."
"तुमाला कोणतं कालवण आवडतं?"

सोमवारी हे वर्गात कसंबसं पुटपुटले.

बाईंनी विचारलं, "दोनच वर्षं का गं?"
मला माहीत नव्हतं.
"वडील एवढं सांगायला लागले, आणि तू कालवणावर गेलीस?"

वर्ग खो-खो हसला. बाई हसल्या नाहीत. माझी पाटी त्यांनी ठेवून घेतली.
"आज रिकाम्या हातानं जा. ते थांबले की तूही थांब. घाई करू नको."

संध्याकाळी दादा मेंढीची लोकर कातरत होते. मी समोर जाऊन बसले.

"दादा, दोनच वर्सं का?"

कातर चालूच राहिली. मी थांबले. खूप वेळ थांबले.

मग दादा म्हणाले, "मास्तर उर्दूत बोलायचा. मला येक शबूद कळंना. हाजिरीला बी गपच ऱ्हायचो. मास्तरला वाटलं, पोरगं मुकं हाय. बापानं काढलं."

पाटी असती तर मी पुढच्या प्रश्नावर गेले असते. पाटी नव्हती.

"आजोबानं काढलं तवा तुमी काय म्हनले?"

"काय म्हननार? मला कुनी इचारलंच न्हाई."

एवढं बोलून दादा थांबले. कातर खाली ठेवली. मेंढीच्या पायाची दोरी सोडायचंही त्यांना सुचलं नाही. माझ्याकडे बघत राहिले.

"तुला जायचंय का गं शाळंला?"

मला काय हवंय, हे आयुष्यात पहिल्यांदा कुणी विचारलं होतं.

"हो," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले.

दिवाळी आली आणि गेली. माझं नाव कुणी काढलं नाही. पुढं मीही शिक्षिका झाले. चौतीस वर्षं पोरापोरींना माणसांकडे पाठवत राहिले, रिकाम्या हातानं.

मागच्या महिन्यात बाईंना भेटून आले. दोन तास मीच बोलले. माझी सून, माझे गुडघे, माझं पेन्शन. बाई ऐकत होत्या.

विशीतली एकटी मुलगी एक ट्रंक घेऊन आमच्या गावात का आली, ती परत घरी का गेली नाही, हे मी एवढ्या वर्षांत एकदाही विचारलं नाही. आमच्यातल्या कुणीच विचारलं नाही.

आता रडू येतंय.

बाई, चुकलं माझं. या तुम्ही.

तुमची चौथीतली विद्यार्थिनी तुम्हाला मनापासून श्रद्धांजली वाहते.