पाळणा लांबवायची गोळी आणि महालक्ष्म्या

मुलांनो, तुमच्याकडे मुली मुरुमांसाठीसुद्धा गर्भनिरोधक गोळ्या घेतात, असं परवा फोनवर कळलं. इकडे आमच्या गावात, चकलांब्यात, त्याच गोळीची काय गत झाली ते सांगते.

आपल्या शेतात खुरपायला गल्लीतल्या एका घरची सून येते. तिशीच्या आतली, दोन लेकरांनंतर कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेली. पाळीत इतकं रक्त जाई की बांधावरच बसून राही. पाळी आली की उसावरचा कोयता बंद आणि मजुरीही बंद. म्हणून यंदा ऊसतोडीला जाण्याआधी तिची पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढून टाकायचं घरात ठरलं. आमच्याकडे हे दाढ काढण्याइतकं सोपं समजतात.

"बाई, मला न्हाई काढायची," ती म्हणाली. "थोरल्या जाऊबाईनं काढली, तवापासून तिची कंबर धरलीय."

मी तिला बीडला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सोनोग्राफी, रक्त, रक्तदाब सगळं बघून त्या म्हणाल्या, पिशवीत दोष नाही. रक्तस्राव आणि पोटदुखी कमी व्हायला त्यांनी गर्भनिरोधक गोळ्या दिल्या, जोडीला लोहाच्या.

दुसऱ्याच दिवशी तिची सासू गोळ्यांचं पाकीट घेऊन माझ्या दारात.

"आवं बाई, हिचं आपरेशन झाल्यालं हाय. आता पाळणा लांबवायची गोळी कावून? लोक काय म्हनतील?"

"रक्त कमी जावं म्हणून."

"मंग पिशवीच काढू की! त्यात बदनामी न्हाई."

शाळेत इतकी वर्षं ज्या आवाजात इंग्रजी व्याकरण शिकवलं, त्याच आवाजात मी शरीरशास्त्र समजावलं. विद्यार्थ्यांसारखीच तिने मान डोलावली आणि विद्यार्थ्यांइतकंच तिला समजलं.

मग मला भादव्यातल्या महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, आठवल्या. त्या घरात सोवळं लई कडक. सणात अडचण नको म्हणून सासूच दरवर्षी मेडिकलातून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणते.

"ती गोळी बरी चालते?" मी विचारलं.

"ती देवासाठी अस्ती!"

"या गोळीनं पाळीची तारीख आधीच कळते. महालक्ष्म्यांत येणार नाही असं डॉक्टरीणबाई बसवून देतील."

"मंग आसं सांगायचं की आधी!"

त्या दिवसापासून सुनेला गोळीची आठवण सासूच करू लागली. दसऱ्यापर्यंत रक्त जाणं आटोक्यात आलं, चेहऱ्यावर तरतरी आली. ऑपरेशनची गरज नाही, गोळ्या चालू ठेवा, असं डॉक्टरीणबाईंनी सासूसमोरच सांगितलं. सून पिशवीसकट ऊसतोडीला गेली.

सासू गल्लीभर सांगत फिरते, "आमच्या सुनेला महालक्ष्मी पावली." माझ्याकडे खात्री करायला बायका येतात. मी हो म्हणते, आणि डॉक्टरीणबाईंचा पत्ताही देते.