करवतीच्या आवाजाला येणारी हरणं

सैमा रौतिओ जंगलात लाकूड तोडते. 'बाई असून' असं मी म्हणणार नाही. म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांशी माझं भांडण होऊन गेलंय. मिशिगनच्या वरच्या टोकाला आमचा हिवाळा संपता संपत नाही. त्या हिवाळाभर ती मेपल आणि सीडर पाडते, फांद्या छाटते, ओंडके कापते. रचायला मी असतो. कागद गिरणीत युनियन काढली म्हणून मला गेटाबाहेर काढलं, तेव्हापासून.

तिने मशीनची करवत सुरू केली की हरणं येतात. पळून जात नाहीत, येतात. बर्फ मांडीएवढा असतो, खायला काही उरलेलं नसतं, आणि पडलेल्या झाडाचे कोवळे शेंडे त्यांना आयते तोंडाशी मिळतात. इथवर मला कळतं. पण झाड अजून उभं असतं, करवत बोंबलत असते, धूर निघत असतो, आणि ही मंडळी पिलांसकट येऊन कडेला उभी. पंगत कधी बसतेय याची वाट बघत असल्यासारखी. सैमा त्यांच्यावर ओरडते, "मागे व्हा गं, डोक्यात पडेल!" आणि त्या होतात मागे. मी खोटं लिहीत नाही.

आता हीच सैमा नोव्हेंबरात नारिंगी कोट घालून, बंदूक घेऊन मचाणावर चढली की जंगल रिकामं. नाहीतर एक म्हातारी मादी तेवढी येते. खाली उभी राहून वर बघते. पुढचा पाय जमिनीवर आपटते. मग मान खाली घालून चरण्याचं सोंग करते, आणि झटकन मान वर! सैमाला हलताना पकडलं का नाही? पुन्हा पाय आपटते. शेवटी नाकातून फुर्रर्र असा आवाज काढते की अर्ध्या जंगलाला बातमी. सैमाचा परवाना नराचा. नर कशाला थांबतोय तोवर?

"तिला एकदा विचार तरी काय हवंय ते," डेल ट्रेंबाथ म्हणायचा. "एवढी पाय आपटतेय तर कॉफी तरी दे तिला."

डेल आमच्या शिकारी कॅम्पातला. कॅम्प म्हणजे जंगलातली लाकडी झोपडी, एक शेगडी, वाफेच्या अंघोळीची एक सौना आणि भिंतीला लागून सहा खाटा. सैमाच्या बापाने बांधलेली. नेम चुकला की चुकणाऱ्याच्या शर्टाचं मागचं टोक कापून भिंतीला ठोकायचं, ही पद्धत सगळीकडेच आहे. पण बापाने स्वतःचा एक नियम केला होता: लागोपाठ तीन मोसम ज्याचं हरीण कॅम्पापुढच्या आडव्या बल्लीला टांगलं गेलं नाही, त्याने खाट सोडायची. दुसरा कुणी येईल. बाप गेला, त्याची खाट सैमाकडे आली. दोन मोसम कोरडे गेले. हा तिसरा, आणि तोही संपत आलेला.

मी त्या कॅम्पात शिकार करत नाही. भांडी घासतो आणि वाद घालतो.

"माझा भाचा शनिवारी गादी घेऊनच येतोय," डेल मांस-बटाटा भरलेली पॅस्टी करंजीसारखी तोडत म्हणाला. "तुला त्रास नको म्हणून, सैमा. तुझी गादी मीच पोचवीन घरी."

"तुझ्या भाच्याला अजून मफलर आई बांधते," सैमा म्हणाली. पण हसली नाही.

अर्विड, कॅम्पातला सगळ्यात म्हातारा, शेगडीजवळून म्हणाला, "अगं, करवत घेऊन जा ना उद्या."

सगळ्यांनी सैमाकडे बघितलं.

"ते बरोबर नाही," सैमा म्हणाली.

मला राहवलं नाही. "का नाही? हे सगळे आमिषाला गाजरं ओततात, बीट ओततात, आणि त्या ढिगासमोर बसून मारतात. ती मर्दुमकी! आणि तू करवत नेलीस की पाप?"

"गाजरं ओतणाऱ्याला हरणं ओळखत नाहीत. मला ओळखतात."

"तुला कुठे? करवतीला ओळखतात," डेल म्हणाला.

"तेच तर मला कळत नाही ना!" सैमा एवढ्या जोरात ओरडली की अर्विडची कॉफी सांडली.

सकाळी तिने करवत उचलली. बंदूकही. मी मागोमाग. तिच्याच तोडीच्या पट्ट्यात तिने बंदूक ओंडक्याला टेकवली आणि एक सीडर कापायला घेतला. बर्फ अजून पातळ होता, रानात खायला होतं, त्यामुळे येणार नाहीत असं मला वाटत होतं. यायला नकोत असं तिला वाटत असावं. सीडर पडला. दोन माद्या आल्या, त्यांच्यामागून दोन फाट्यांच्या शिंगांचा तरुण नर.

करवत बंद पडली की ती बिचकतात. म्हणून तिने ती तशीच धडधडत बुंध्यावर ठेवली आणि बंदूक घेतली. नराने तिच्याकडे बघितलं. मान खाली, मान वर. एकदा पाय आपटला. आता पळेल म्हणावं, तर एक पाऊल पुढे आला. माझ्या मनात चाललेलं, पळ रे गाढवा. आणि त्याच दमात, सैमा, मार, नाहीतर खाट जाईल. दोन्ही एकदम, आणि दोन्ही खरं.

तिने मारला. तो थोडा धावला आणि पडला. माद्या पांढऱ्या शेपट्या उभ्या करून उधळल्या. मी म्हटलं, संपलं, आता या जन्मात येत नाहीत. आम्ही त्याच्यापर्यंत पोचायच्या आत त्या परत आल्या आणि सीडरचे शेंडे खायला लागल्या. तो तिथेच पडलेला. करवत अजून धडधडत होती.

"बघ," सैमा मला म्हणाली. "बघ ना यांच्याकडे. मी काय करू आता?"



कॅम्पात नर बल्लीला टांगला. तिने सगळं सरळ सांगून टाकलं आणि म्हणाली, "हा नियमात धरू नका."

धरू नका म्हणणारी तीच, आणि धरायचंच म्हणून टेबल बडवणारा डेल! "नियमात करवतीचं काही नाही. हरीण टांगलं, विषय संपला. भाच्याचं मी बघतो."

"बाप असता तर त्याने धरला असता?"

"तुझा बाप?" अर्विड म्हणाला. "मेलेल्या घोड्याशेजारी बसून अस्वलं मारायचा तो."

"अरे, तिला नको असेल तर तिच्यावर लादताय कशाला?" मी भडकलो.

"काल तूच करवत घे म्हणत होतास," डेल म्हणाला. " भांडी घास, युनियनवाल्या."

खाट राहिली. सैमाने मांस सगळ्यांना वाटलं, आपल्याला अगदी थोडं ठेवलं.

जानेवारीत पुन्हा तोडीला गेलो. तिने दोरी ओढली, करवत धडधडली, आणि हरणं आली. त्या दोन माद्या, बरोबर आणखी काही. तिने करवत बंद केली, बर्फाचे गोळे करून फेकायला लागली. "जा! अक्कल आहे का काही? त्याला मारणारी मीच होते!" हरणं थोडी लांब गेली, थांबली आणि वळून बघत राहिली.

सैमा ओंडक्यावर बसली. "यांनी मला माफ केलं म्हणू, की मी यांच्या खिजगणतीतच नाही म्हणू?"

 मी विचारलं, "मग खाट सोडतेस?"

"सोडू कशाला? बापाची आहे."

"म्हणजे नोव्हेंबरात पुन्हा बंदूक?"

"आता तीन मोसम आहेत ना हातात," ती उठत म्हणाली. "तेवढ्यात काहीतरी कळेल. मला नाहीतर त्यांना." आणि तिने दोरी ओढली.