पोतनीसांच्या अंगणातलं झाकण

समरजित शिर्के गुजरातेतल्या एका जुन्या संस्थानी शहरात, पाणीगेटला राहतात. पूर्वज संस्थानच्या घोडदळात होते, आणि हे लोकांच्या अंगणातली गटाराची झाकणं उचलतात, यावरून नातलगांत थट्टा चाले. शिर्के हसून सोडून देत. हल्ली बंगल्यांत अंगणाला शोभावी म्हणून चेंबरच्या झाकणातही फरसबंदीच बसवतात. झाकण दिसत नाही खरं, पण वजन मणामणाने वाढतं आणि वर्षानुवर्षं ते कुणाला हलवता येत नाही. वेल्डिंगच्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या शिर्क्यांनी त्यासाठी दोन लोखंडी आकड्यांचा एक घोडा बनवला होता. दांडी दाबली की झाकण सरळ वर येई.

वैशाखातल्या एका दुपारी अलकापुरीतल्या वत्सलाताई पोतनीसांनी त्यांना बोलावलं. अंगणात वास येत होता. चार झाकणं निघाली, सगळं ठीक होतं. पाचवं कुंपणाच्या भिंतीला लागून होतं.

"ते अकरा वर्षांत उघडलेलं नाही, शिर्केभाई," ताई म्हणाल्या. "पलीकडच्या बंगल्याची लाइन त्यातून जाते. तो तर चार वर्षं बंदच आहे."

शिर्क्यांनी कडेची माती खरवडली, आकडे अडकवले, दांडीवर अंग टाकलं. झाकण करकरत वीतभर उचललं गेलं आणि आतून आवाज आला. टक्, टक्, टक्. मग शांत. मग पुन्हा तसंच.

उंदीर असेल म्हणून त्यांनी झाकण बाजूला सरकवलं. चेंबर कोरडं ठाक होतं. पलीकडून येणाऱ्या पाइपाच्या तोंडावर कोळ्याचं जाळं होतं आणि ते आतल्या हवेने हलत होतं. शिर्के पालथे पडून कान देऊ लागले. पाइपातून, अगदी ओठ लावून बोलावं तसं, कुणीतरी गुजरातीत विचारलं, "कोई छे?" कुणी आहे का?

शिर्क्यांनी चटकन डोकं वर काढलं. वत्सलाताईंनीही ऐकलं होतं. त्यांनी भिंत धरली.

"हा पलीकडच्या विमलबेनचा आवाज आहे," त्या पुटपुटल्या. "पण विमलबेन तर दिवाळीत डभोईला मुलाकडे गेल्या म्हणे. वारल्या!"

"तुम्ही पाहिलं होतं?"

"नाही हो. कुणीतरी सांगितलं."

शिर्क्यांना तिथून उठून निघून जावंसं वाटलं, हे त्यांनी पुढे कधी लपवलं नाही. पण टक् टक् पुन्हा सुरू झालं. त्यांनी तोंड खाली नेलं. "कोण आहे?"

"आव्यो, भाई?" आलास का, म्हणून आवाजाने विचारलं. "जल्दी कर."

घोड्याची दांडी काढून त्यांनी ती भिंतीपलीकडे टाकली आणि स्वतःही चढून उतरले. पलीकडच्या दाराला कुलूप नव्हतं, आतून कडी होती. दांडीने दार उचकटलं. न्हाणीघरात एक म्हातारी आडवी पडली होती, तोंड मोरीच्या जाळीशी, हातात स्टीलचा लोटा. वापर नसल्याने जाळीखाली वास अडवायला भरून राहणारं पाणी आटलं होतं, म्हणून तिचा आवाज पाइपातून पोचला. डभोईला मुलाशी भांडून ती दोन दिवसांपूर्वी न सांगता बसने आली होती, आणि पहिल्याच संध्याकाळी पाय घसरून पडली होती. खुबा मोडला होता. १०८ची गाडी आली आणि विमलबेन वाचल्या.

आठवड्याने शिर्के वत्सलाताईंबरोबर दवाखान्यात भेटायला गेले. विमलबेननी शिर्क्यांचा हात धरून ठेवला.

"दोन रात्री लावल्यास रे, भाई," त्या गुजरातीत म्हणाल्या. "दर वेळी हाक मारली की खालून म्हणायचास, येतो, येतो. मराठी बोलणारं, म्हणजे पोतनीसांकडचंच माणूस आहे म्हणून धीर आला."

शिर्क्यांनी हात हळूच सोडवून घेतला. त्या दोन्ही रात्री ते पाणीगेटला आपल्या घरी झोपलेले होते, आणि झाकण तर बंदच होतं.

"दुखण्यात भास होतात," वत्सलाताई बाहेर आल्यावर म्हणाल्या. शिर्क्यांनी मान हलवली.

पावसाळ्यानंतर ताईंनी त्यांना परत बोलावलं. त्यांनी चार झाकणं उघडली, साफ केली, कडांना ग्रीस लावून बसवली. भिंतीजवळच्या पाचव्यापाशी गेले, आकडे अडकवायला वाकले, आणि घोडा उचलून फाटकाकडे वळले.

"हे दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, ताई," ते म्हणाले.