काशीमाच्या नावाचं पाणी

खारडीच्या फाट्यावर एक पाणपोई होती. तिकडं काठेवाडात तिला परब म्हणतात. वर गवताचं छप्पर, खाली वाळूत बसवलेले रांजण, रांजणांना गुंडाळलेली ओली फडकी, आणि शेजारी तांब्या घेऊन बसलेली मोंघीमा. मोंघीमा म्हणजे नुसती हाडांची मोळी, पण आवाज असा खणखणीत की रस्त्यावरचा उंटसुद्धा मान वळवायचा.

तिला तिथं कुणी बसवलं नव्हतं बरं का. तिचा नवरा देवाभाई मिठाच्या गोण्या वाहायचा, बैलगाडीनं. एका वैशाखात ह्याच फाट्यावर त्याला ऊन लागलं आणि तो गाडीवरून खाली आला. वाटेनं जाणारा कुणीतरी थांबला. त्यानं देवाभाईचं डोकं मांडीवर घेतलं, आपल्या चंबूतलं पाणी त्याच्या तोंडात घातलं. जीव गेला तेव्हा आपलं पागोटं सोडून त्याच्या अंगावर पसरलं, बैल हाकत गाडी गावाच्या वेशीत आणून उभी केली, "ह्यांच्या घरी सांगा" म्हणाला आणि चालता झाला. कोण, कुठला, कुणाला काही विचारायचं सुचलंच नाही.

दहाव्याला कुणीतरी शहाणी बोलली, "पाणी घालून वाचला तर नाहीच ना?"

मोंघीमा तेव्हा तरणी होती. डोक्यावरचा पदर न हलवता म्हणाली, "वाचला नाही. पण कोरडा गेला नाही. तुझा जाईल तेव्हा मला सांग दोन्हीत काय फरक असतो ते."

पुढच्या उन्हाळ्यात ती रांजण घेऊन फाट्यावर बसली. प्यायला येणाऱ्याला नाव विचारायचं नाही, जात विचारायची नाही, गाव विचारायचं नाही. ओंजळ पुढं आली की वरून धार धरायची, आणि पिणारा आपणहून मान वर करेपर्यंत हात आखडायचा नाही. हिला वाटायचं, न जाणो, तोच असेल. नाहीतर त्याचा भाऊ असेल.

आता एवढे रांजण एकटी बाई भरणार कशी? तर भरतच नव्हती. वाव तिथून लांब. गोड्या पाण्याची तीच एक विहीर, पायऱ्या उतरून जायचं. गावच्या बायका हंडा-कळशी घेऊन फाट्यावरूनच परतायच्या, आणि जाता जाता प्रत्येक बाई एक तांब्या रांजणात ओतायची. थांबायची नाही, बोलायची नाही, डोक्यावरची चुंबळसुद्धा हलू द्यायची नाही. ट्रकवाले डबडं भरून आणायचे आणि गाडी चालूच ठेवून ओतून जायचे. दिवाळीनंतर कुणीतरी कोरा रांजण ठेवून जायचा, कोण ते कधी कळलं नाही. अशी ती पाणपोई. म्हटलं तर सगळ्यांची, म्हटलं तर कुणाचीच नाही.

ह्या तांब्या ओतणाऱ्यांत काशीमा होती. मोंघीमाची मैत्रीणच म्हणा. घरात अठराविश्वे दारिद्र्य, पण काशीमाचा तांब्या कधी चुकला नाही. पाय दुखायला लागले तेव्हा छोटी कळशी घेऊन यायची, तरी अर्धी इथं रिकामी करायची. मोंघीमा ओरडायची, "अगं, घरी काय नेशील मग?" तर ती म्हणायची, "घरी माझा जेंती आहे, तो काय मरतोय होय तहानेनं?"

तो जेंती सुरतेला हिऱ्याच्या कामाला गेला आणि जेंतीशेठ झाला. काशीमा गेली. तिच्या वर्षश्राद्धाला तो मोठी गाडी घेऊन आला, गावजेवण घातलं, आणि फाट्यावर येऊन मोंघीमाच्या पाया पडला. पाया पडला हे खरं, मी खोटं कशाला सांगू.

"मोंघीमा, आईच्या नावानं इथं पक्की परब बांधतो. फरशी, थंड पाण्याचं यंत्र, नळ. तुम्ही आता आराम करा."

"मी काय नांगर धरलाय? बसलेलीच तर असते," मोंघीमा म्हणाली. "बांध तू. पण रांजण राहू दे."

"रांजणात शेवाळ धरतं, मा. आता लोकांना स्वच्छ पाणी लागतं."

गवंडी आले. छप्पर काढलं, रांजण उचलून मागच्या खड्ड्यात टाकले, त्यातले काही फुटले. महिन्याभरात पांढरीशुभ्र खोली उभी राहिली, आत यंत्र, बाहेर नळ, आणि वर संगमरवराची पाटी. सोनेरी अक्षरांत काशीमाचं नाव, खाली जेंतीशेठचं, त्याच्याखाली त्याच्या दोन भागीदारांचंही. मोंघीमाला वाचता येत नव्हतं. तिनं सरपंच हमीरभाईकडून वाचून घेतलं आणि विचारलं, "भागीदार कशाला? ते काय काशीच्या पोटचे?"

पण खरी चूक वेगळीच होती, आणि ती सुरतेला राहून आलेला माणूसच करणार. तिकडं गेलेल्या माणसाच्या नावानं परब घातली, की ते पाणी त्याच्या घरच्यांनीच भरायचं असतं. दुसऱ्या कुणी थेंब ओतला तर ते पाणी गेलेल्याला पोचत नाही. म्हणून नाव घालताना लोक शंभरदा विचार करतात, आणि घातलं तर एका उन्हाळ्यापुरतं घालतात, घरची सून रोज डोक्यावरून हंडे वाहते. जेंतीनं कायमचं नाव घातलं, दगडात कोरून. आणि स्वतः राहिला सुरतेला.

टँकरवाला ठरवला होता. तो होळीपर्यंत आला. मग एक दिवसाआड आला, मग आठवड्यानं, मग त्याच्या पुतण्याचं लग्न निघालं. वीज तर शेताला मिळायची तेवढीच, तीही अवेळी. यंत्र पाणी गार करण्याऐवजी स्वतःच तापायला लागलं. नळ सोडला की नुसती हवा फुसफुसायची.

आणि बायका? बायका फाट्यावरून भरलेले हंडे घेऊन जायच्या, पाटीकडं बघून मान झुकवायच्या आणि पुढं जायच्या. एकही तांब्या पडला नाही.

मोंघीमा घरून कळशी आणायची. एक कळशी किती पुरणार? सकाळच्या ट्रकवाल्यांतच संपायची.

एका दुपारी मिठागरात राबणारा एक आगरिया आला. पाय मिठानं फुटलेले, ओठ फाटलेले. तो सरळ नळाकडं गेला. सोडला, पाणी नाही. मग त्यानं वाकून नळाच्या तोंडाला ओठ लावले आणि चोखून पाहिलं, वासरानं आटलेल्या गाईला लुचावं तसं. मोंघीमाची कळशी पालथी पडलेली. तो तोंड पुसत हसला आणि म्हणाला, "मा, तुमचा शेठ लई मोठा दिसतोय. नळालापण उपास घडवतो." आणि तसाच उन्हात पुढच्या गावाकडं चालायला लागला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मोंघीमा वावेच्या पायरीवर जाऊन उभी राहिली.

"बायांनो, माझ्यासमोरून भरले हंडे नेताना तुमच्या माना मोडत कशा नाहीत?"

पुरी नावाची एक मऊ बोलणारी बाई होती. ती म्हणाली, "मा, काशीमाच्या नावचं पाणी आहे. आम्ही ओतलं तर तिला पोचेल का? तिला कोरडं ठेवल्याचं पाप आम्ही कशाला घेऊ?"

"ती मेलीय, पुरी. तिला तहान नाही. काल आलेल्याला होती."

वेजीची जीभ मोठी तिखट. ती पायरीवर हंडा आपटून म्हणाली, "हे बरं आहे. नाव शेठचं, पुण्य शेठच्या आईचं, भागीदारांचं, आणि मान दुखायची माझी? त्याच्या बायकोला सांग ना सुरतेहून हंडा घेऊन यायला. हातात बांगड्या आहेत म्हणे कोपरापर्यंत, वजन उचलायची सवय असेल."

बायका हसल्या. मोंघीमालाही हसू येत होतं, म्हणून तर ती जास्त चिडली.

"वेजी, तुझा तांब्या काय पुण्य मोजून पडत होता इतकी वर्षं?"

"मोजत नव्हते म्हणूनच पडत होता. आता त्यानं मोजायला लावलं, त्याला मी काय करू? पाटी काढ, आत्ता ह्या घटकेला ओतते."

मोंघीमा हमीरभाईकडं गेली. सरपंच खाटेवर बसून ताक पीत होता.

"पाटी काढ, हमीर."

"मा, शेठनं शाळेचं छप्पर घालून द्यायचं कबूल केलंय. तुम्ही मला कशात पाडताय?"

"मग त्याला सांग पाणी पाठव."

त्यानं तिच्यासमोरच फोन लावला. जेंती पलीकडून म्हणाला, टँकरवाल्याशी बोलतो, चार दिवस कळ काढा, आणि पाटीजवळ जुनी मडकीबिडकी ठेवू नका, शोभा जाते.

"ऐकलंत?" हमीरभाई म्हणाला.

"ऐकलं. तू ताक पी. तुला मिळतंय तोवर पी."

तरी मोंघीमा गप्प बसली असती. पाटीला हात लावणं म्हणजे काशीच्या तोंडचं पाणी काढणं, असं तिच्याही मनात होतंच की. तीही त्याच गावची. घरी जाऊन ती काशीच्या नावानं रडलीसुद्धा. म्हणाली, "तूच सांग बाई, मी काय करू."

पण गावाची जीभ वाईट. महिन्याभरात पोरांनी शब्द काढला. कुणी उसनी साखर दिली नाही तर म्हणायचे, "काय, काशीमा झालीस काय?" हापसा कोरडा पडला तर, "काशीमा झाला." ट्रकवाले फाट्याला कोरडी काशी म्हणायला लागले. मोंघीमानं हे पहिल्यांदा ऐकलं ते दुकानात. दुकानदारानं तेलाचा रिकामा डबा हलवून सहज म्हटलं, "संपलं मा, डबा काशीमा झाला."

तिच्या अंगाचा असा तिळपापड झाला की गुळाचा पुडा तिथंच टाकून ती बाहेर पडली. जी बाई स्वतःच्या घरची अर्धी कळशी वाटसरूला द्यायची, तिचं नाव आज चिक्कूपणाला लावताय? आणि हे कुणी केलं, तर तिच्या पोटच्या पोरानं, सोन्याच्या अक्षरात.

ती घरी गेली, टोपलीभर शेण घेतलं, माती कालवली, आणि फाट्यावर येऊन भर दिवसा, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, खाटेवर चढून संगमरवरावर गिलावा केला. भिंत सारवतात तसा, बोटांच्या रेघा उमटवत. आधी भागीदार बुजवले, मग जेंती. काशीच्या नावाशी हात थबकला. तिनं हळूच म्हटलं, "तुला पोचलं नाही तर माझ्याशी भांड." मग तेही झाकलं. खड्ड्यातले न फुटलेले रांजण काढून तिनं पाटीखालीच ओळीनं मांडले.

वेजी वावेवरून येत होती. तिनं भिंत पाहिली, मोंघीमाचे शेणाचे हात पाहिले. मान तशीच ताठ ठेवून तिनं डोक्यावरच्या हंड्यात तांब्या बुडवला आणि रांजणात ओतला. मग परत बुडवला आणि मोंघीमाच्या हातांवर घातला.

"धू," म्हणाली. "म्हातारी काय वास मारतेय."

तिच्यामागून पुरी आली, बाकीच्या आल्या. दोन दिवसांत रांजण काठोकाठ.

जेंतीशेठ आठवड्याभरात आला, आपल्या गाडीमागं टेंपो आणि माणसं घेऊन. गाडीतून उतरला तो लालबुंद.

"माझ्या आईचं नाव शेणानं माखलंत, मा? तुम्ही?"

"मीच. दुसऱ्या कुणाला विचारू नकोस."

"मी एवढं केलं गावासाठी."

"तू गावासाठी भिंत केलीस. त्या भिंतीवर तुझ्या आईला टांगलंस आणि निघून गेलास. गाव तिला काय म्हणत होतं ऐकलंस का? कोरडी काशी. माझ्या काशीला, कोरडी."

जेंतीनं वर शेणानं माखलेल्या पाटीकडं पाहिलं. वाटलं, आता ह्याला कळलं. पण तो हमीरभाईकडं वळून म्हणाला, "ज्यांना किंमत नाही त्यांच्यासाठी करूच नये." आणि माणसांना यंत्र काढायला लावलं. नळ उपटला, तारा कापल्या. पाटी उचकटायला गेले तर ती दोन तुकडे होऊन निघाली, शेणासकट. तीही टेंपोत टाकली. शाळेचं छप्पर राहिलं ते राहिलंच. हमीरभाई पुढं वर्षभर मोंघीमाशी बोलला नाही.

हे सगळं होईपर्यंत ऊन डोक्यावर आलं. टेंपोवाल्यानं रांजणाशी येऊन ओंजळ धरली, माणसं प्यायली. जेंती गाडीत बसून होता, काचा वर. मोंघीमानं तांब्या भरला आणि गाडीशी गेली. त्याचे ओठ सुकलेले तिला काचेतून दिसत होते. बाळपणी ह्याच फाट्यावर आईच्या पदराला धरून प्यायलेलं पोर ते. तिनं काचेवर बोटं वाजवली.

"पी रे जेंती. कुणाचं नाव नाही त्यात."

काच खाली आली नाही. तो समोर बघत राहिला. गाडी सुरू झाली, आणि तिच्या हातातला तांब्या अर्धा तिच्याच पायावर सांडला.

लोक म्हणतात, मोंघीमा जिंकली. काय जिंकली? ती त्या दिवशी दुपारभर शिव्या देत होती. शेठला नव्हे, त्या गाडीच्या काचेला. काशीचं पोर तिच्या दारातून तहानलेलं गेलं, हे तिला कधीच पटलं नाही.