भर बाराच्या उन्हातले पाय

मला माणसाचं तोंड लक्षात राहत नाही, पाय राहतात. अहो, ड्रेसर होतो मी! चाकूरच्या अलीकडे एका गावातल्या सरकारी दवाखान्यात उभी हयात लोकांच्या टाचा धुण्यात गेली. आजही लातूरला कुणी रामराम घातला की माझी नजर आधी खाली जाते. टाचेची भेग बघितली की नाव आठवतं. असे किस्से कुणी मुद्दाम जमवत नसतं. पाय येतात, पट्टी बांधून जातात, किस्सा तेवढा आपल्याकडं राहतो.

हे सगळे एकाच उन्हाळ्यातले. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि पावसानं लागोपाठ दगा दिलेला. अर्धं गाव रोजगार हमीवर खडी फोडायला, उरलेलं अर्धं आमच्या दवाखान्यात, पाय धरून.

*

डॉक्टर नांदेडचे, तरणे आणि तापट. त्यांचं एकच म्हणणं, उन्हात अनवाणी चालू नका. पण आमच्याकडची रीत अशी की डॉक्टर म्हणजे मोठा माणूस, त्याच्यापुढं पायतान घालून जायचं नाही. लोक चपला दारात उन्हात काढायचे, तासभर आत नंबर लावून बसायचे, औषध घेऊन बाहेर यायचे, तापलेल्या चपलेत पाय घालायचे आणि पोळलं म्हणून परत आत!

शेवटी डॉक्टरांनी पाटी लावली, 'चपला घालूनच आत यावे'. दुसऱ्या दिवशी एका म्हातारबानं ती मोठ्यानं वाचली आणि बरोबर पाटीखाली चपला काढल्या. डॉक्टर म्हणाले, बाबा, आत्ता वाचलंत ना? म्हातारबा म्हणाले, "वाचलं की. पन तुमी म्हनलं म्हून आपुन रीत सोडावी का?"

*

खडी फोडणाऱ्या एका बाईच्या टाचेत कपची घुसली होती. डॉक्टरांनी खनपटीला बसून तिला नवी चप्पल घ्यायला लावली. आठ दिवसांनी बाई हजर. तीच टाच, नवी कपची. चप्पल पदरात गुंडाळलेली, कोरी करकरीत. डॉक्टर असे भडकले की विचारू नका. बाई शांतपणे म्हणाली, "पायाला नवी कातडी येतीय सायब. चपलीला येती का?"

डॉक्टर पुढच्या पेशंटकडं वळले. मी आपलं टिंक्चर लावलं.

*

नव्या जिल्ह्याचे एक नवे साहेब कामाच्या पाहणीला आले. मे महिना, आणि पायात चकचकीत काळे बूट, आत नायलॉनचे मोजे. मजुरांना त्यांनी अर्धा तास पायांची निगा समजावून सांगितली. मग हळूच आमच्या दवाखान्यात आले आणि पडदा ओढायला लावला. बुटात पाय नुसता उकडलेला, टाचेला फोड, बोटांच्या बेचक्यात चिखल्या. मी म्हणालो, साहेब, आठ दिवस पायाला वारं लागू द्या, पट्ट्याची सँडल घाला. साहेब म्हणाले, कुठं बोलू नका.

मी कुठंच बोललो नाही. पण पट्ट्या बांधल्यावर बूट काही पायात जाईनात. ते बगलेत मारून साहेब जीपपर्यंत अनवाणी उड्या मारत गेले, ते अख्ख्या गावानं बघितलं.

*

आता आप्पा. बाजारातले किराणा दुकानदार. शुगरचा आजार जुना. एक दिवस आले ते एका पायात चप्पल, दुसरा पाय मोकळा. दुसरी चप्पल कुठाय म्हणून विचारलं तर खाली बघून म्हणाले, आत्ता तर होती. रस्त्यात निसटलेली! तापलेल्या डांबरावरून तसेच आलेले, तळव्याला हा एवढा फोड, आणि आप्पांना पत्ता नाही. डॉक्टरांनी तळव्याला टाचणी टोचून बघितली. आप्पा गुळाच्या भावाचं बोलत राहिले.

डॉक्टरांचा आवाज एकदम उतरला. म्हणाले, "आप्पा, पायाची जाणीव गेलीय. अजून एक जखम चिघळली तर पाय कापावा लागेल."

काकू, म्हणजे आप्पांची बायको, दाराशीच उभ्या होत्या. त्यांनी चौकट घट्ट धरली. मलाही लई वाईट वाटलं.

आप्पांनी त्या दिवसापासून चप्पल सोडली नाही. फक्त सोमवार सोडून. दर सोमवारी दुपारी दुकान बंद करून मठात अनवाणी जायचं, हा बापापासूनचा नेम. डॉक्टर म्हणाले, मग सकाळी गार वेळेला जा. आप्पा म्हणाले, सकाळी गिऱ्हाईक असतंय.

*

पुढच्या सोमवारपासून गावाला फुकटचा तमाशा मिळाला. भर बाराला काकू पुढं, आप्पा मागं, दोघंही अनवाणी. आमच्याकडं तेव्हा बायको नवऱ्याच्या पुढं चालत नसे. पारावरची मंडळी हसायची, आप्पांचं दावं काकूंच्या हातात गेलं म्हणून. काकू कुणाकडं बघायच्या नाहीत. मधेच आप्पांना दंडाला धरून लिंबाच्या सावलीत उभं करायच्या, मग कडेची माती बघून पुढं न्यायच्या.

महिन्यानं डॉक्टरांनी आप्पांचे पाय तपासले. ठणठणीत! एक ओरखडा नाही. डॉक्टर खूश, मला म्हणाले, बघा, लोक ऐकतात.

मी सवयीनं काकूंच्या पायांकडं बघितलं. त्या तळव्यांच्या कडांवर भार देत उभ्या होत्या. म्हणालो, काकू, बसा जरा. दोन्ही तळवे सोललेले.

डॉक्टरांनी विचारलं, तुम्हाला शुगर नाही, नेम नाही, तुम्ही कशाला अनवाणी चालता? काकू खाली मान घालून म्हणाल्या, "त्यांला चटका कळत न्हाई. दोघांत एकाला तरी कळाया पायजे की."

आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते लपवलंही नाही.

मी काकूंना जाड पट्ट्या बांधल्या. त्यांच्या चपलेत पाय मावेना. तेव्हा आप्पांनी चारचौघांत खाली वाकून स्वतःच्या चपला काकूंच्या पायांपाशी ठेवल्या. काकू नको नको म्हणेपर्यंत आप्पा दाराबाहेरच्या फरशीवर उतरलेसुद्धा.

"आप्पा, अहो तुमचा पाय!" डॉक्टर ओरडले.

आप्पा वळले. "मला कुठं लागतंय, सायब? तिला लागतंय."

आणि चालू लागले. मागं आप्पांच्या चपला फटफट वाजवत काकू, आणि त्यांच्या मागं, नुसत्या मोज्यांवर, आप्पांना घालायला स्वतःचे बूट हातात घेऊन पळत डॉक्टर.