दुसऱ्या वाटेनं आलेला स्कॅन

सकाळी अकराला धाकट्या भावाचा फोन आला. "आक्का, आप्पांचं तोंड वाकडं झालंय. उजवा हात उचलंना झालाय." तो वडिलांना घेऊन आमच्याच हॉस्पिटलच्या निपाणीच्या शाखेत पोचला होता. मेंदूचा स्कॅन तिथं निघणार, पण तो बघून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं की नाही, ते ठरवणार बेळगावचे डॉक्टर. उशीर झाला तर ते देता येत नाही. आणि या दोन गावांमधलं हॉस्पिटलचं नेटवर्क बेळगावात बसून सांभाळते मी.

दोन्हीकडच्या इमारती दोन टनेलनी जोडल्यात, म्हणजे इंटरनेटच्या गर्दीतून फक्त आमच्यासाठी राखलेल्या बंदिस्त वाटा. एक हायवेलगतच्या केबलमधून, दुसरी मोबाइल टॉवरवरून, जरा अरुंद. डॉक्टरांचे कॉल आणि स्कॅन पहिलीतून, बिलं आणि कॅमेऱ्यांची चित्रं दुसरीतून. पहिली तुटली की अत्यावश्यक तेवढंच दुसरीत शिरतं, बाकीच्यांनी थांबायचं. सुरुवातीला मी शहाणपणा करून त्या अत्यावश्यकातून स्कॅन वगळले होते, जड फायलींनी कॉल अडकेल म्हणून. निपाणीत स्कॅन काढणारे वयस्कर तंत्रज्ञ माझ्याशी भांडले. "डॉक्टर नुसतं बोलून काय करतील, बाई? बघायला नको व्हय?" नाक मुरडत मी स्कॅन यादीत घातले होते.

आप्पांचा स्कॅन निम्मा आला आणि माझ्या स्क्रीनवर पहिल्या वाटेची रेघ लाल झाली. काकतीजवळ खोदाईत केबल तुटली होती, हे मागाहून कळलं. टनेलची दोन टोकं सतत एकमेकांना विचारत असतात, आहेस का? तीनदा उत्तर आलं नाही, आणि मी कीबोर्डला हात लावायच्या आत सगळं दुसऱ्या वाटेला वळलं. बिलं थबकली. मेंदूची उरलेली चित्रं एकामागून एक येत राहिली. ओळ न् ओळ मीच लिहिलेली, तरी अंगावर काटा आला. हात जोडावेसे वाटले, कुणापुढं ते कळेना.

बिलाच्या खिडकीवरून फोन आला. "मॅडम, नेट गेलंय. लोकं ओरडालेत."

"ओरडू देत," म्हटलं.

वरच्या मजल्यावर डॉक्टरांनी स्कॅन बघितला आणि इंजेक्शन द्यायला सांगितलं.

दुपारी भावानं फोन आप्पांच्या कानाला लावला. आप्पाच आधी बोलले, जड जिभेनं, शब्द घसरत.

"जेवलीस काय गं?"

सकाळपासून मी पाणीसुद्धा प्यायले नव्हते.

"जेवले," म्हटलं.