चटणीची पोच

अण्णांचं आणि माझं बोलणं बंद होतं, त्याच दिवसांत नांदेडचा एक कॉम्प्युटर लातूरच्या कॉम्प्युटरशी नीट बोलावा म्हणून मी डोकं फोडून घेत होते. अण्णा म्हणजे माझे वडील. एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, मुक्काम निलंगा, जिल्हा लातूर. मी नांदेडला, भाग्यनगरच्या बाजूला एका कोचिंग क्लासेसमध्ये कामाला. तिथे पोरं मला 'कॉम्प्युटरवाल्या मॅडम' म्हणत, कारण फिजिक्स-केमिस्ट्रीवाल्या मॅडम आधीच होत्या.

भांडणाचं कारण सांगून टाकते. आई गेल्यावर अण्णा एकटे पडले, म्हणून आम्ही नवराबायकोनं त्यांना नांदेडला आणलं. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. आणि त्र्याण्णवच्या भूकंपापासून अण्णा स्लॅबखाली झोपत नाहीत. निलंग्याला चांगलं पक्कं घर आहे, भेगा पडल्या होत्या त्या बुजवून रंगसुद्धा दिला, पण हे झोपणार अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये. नांदेडला आले तर पहिल्याच रात्री चटई काखेत मारून खाली पार्किंगमध्ये, वॉचमनच्या शेजारी. सकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला कळलं की तिसऱ्या मजल्यावरची बाई बापाला पार्किंगमध्ये झोपवते. माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, "अण्णा, भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होते. आता माझं लग्न झालं, नोकरी लागली, तुमचा भूकंप मात्र थांबायला तयार नाही."

अण्णांनी चटई गुंडाळली. पिशवी भरली आणि मिळेल त्या गाडीनं निघून गेले. नवऱ्यानं या प्रकरणात तोंड उघडलं नाही. शहाणा माणूस आहे.

मग फोन बंद. त्यांनी केला नाही, आणि मीच का म्हणून करू, असं म्हणून मीही केला नाही. मोबाइल वाजला की आधी नाव बघायची आणि त्यांचं नसलं की चिडायची, हे मात्र रोजचं. आई नाही, आणि आहेत तेही असे तोडून टाकल्यासारखे वागतात, असं मनात यायचं. तरी फोन काही केला नाही. हट्ट अण्णांचाच, घरातून मिळालेला.

पण डबा येत होता. दर आठवड्याला निलंग्याच्या गाडीनं एक डबा, त्यात शेंगाची चटणी. अण्णांना स्वयंपाकातलं एवढंच येतं. त्या गाडीचा कंडक्टर अण्णांना मानणारा, तो स्टँडवर उतरला की मला फोन करायचा आणि मी स्कूटीवर जाऊन डबा घेऊन यायची. चिठ्ठी नाही, निरोप नाही, नुसती चटणी.

आता कुणाचा डबा रिकामा परत करायचा नाही, हे वळण आईनं लावलेलं. आणि भरून पाठवायचा तर आम्ही बोलत नव्हतो. मी धपाटे करून पाठवले की मी नमले, असाच त्याचा अर्थ निघणार. म्हणून मी काहीच पाठवलं नाही. ओट्यावर अण्णांचे डबे एकावर एक चढत गेले.

इकडे क्लासमध्ये वेगळीच गंमत. आमच्या क्लासच्या मालकांनी, त्यांना सगळे 'मोठे सर' म्हणत, लातूरला शाखा काढली. लातूरला जाऊन कोचिंग काढायचं म्हणजे छातीच पाहिजे. तिथे प्रत्येक खांबावर टॉपरचे फोटो आणि प्रत्येक घरात एक तरी भाड्यानं राहणारा बारावीवाला. आमचे फिजिक्सचे सर मात्र एकच, आणि त्यांना गाडी लागायची. तेव्हा ठरलं असं की सरांनी नांदेडला शिकवायचं, कॅमेऱ्यानं ते टिपायचं, संध्याकाळी ती फाइल लातूरला पाठवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या पोरांनी ती पडद्यावर बघायची. पाठवायचं काम माझं.

मोठ्या सरांचं म्हणणं होतं, "मॅडम, हार्ड डिस्क रुमालात गुंडाळून एस.टी.नं द्या ना पाठवून." कंडक्टरची मुलगी असून मला ते अपमानाचं वाटलं. मी म्हटलं, प्रोग्राम लिहिते.

फाइल पाठवायचं सगळं तंत्र पहिल्यापासून कुणी लिहीत बसत नाही. जावा या कॉम्प्युटरच्या भाषेत तयार प्रोग्रामांची एक फुकट मिळणारी लायब्ररी होती, तिच्यात या कामासाठी तयार लिहून ठेवलेला एक 'क्लास', म्हणजे शिकवणी नव्हे, प्रोग्रामचा तुकडा, होता. आपण त्याला हाताशी धरायचं, पलीकडच्या मशीनचा पत्ता द्यायचा, नाव-पासवर्ड सांगायचा, फाइल हातात द्यायची आणि म्हणायचं, जा. तो जातो. मला वाटलं, दुपारभराचं काम आहे. पहिली फाइल गेलीसुद्धा. लातूरला उघडली तर सरांच्या जागी नुसत्या हिरव्या-जांभळ्या पट्ट्या. हा गडी काही सांगितलं नाही तर समोरची वस्तू साधा मजकूरच आहे असं धरून चालतो आणि वाटेत ओळींची टोकं दुरुस्त करत बसतो. व्हिडिओत कसल्या आल्यात ओळी? एक सूचना वाढवली, की बाबा जसं आहे तसं ने. सर दिसायला लागले.

खरी कटकट पुढे होती. छोटे तास बिनबोभाट जायचे. पण सर रंगात आले, दीड-दोन तास बोलले, की फाइल मोठी व्हायची आणि आमचं तेव्हाचं इंटरनेट तिला ओढत न्यायला दोन-अडीच तास घ्यायचं. शेवटाला प्रोग्राम अडकून बसायचा. बराच वेळ वाट बघायचा, मग लाल अक्षरांत 'गेली नाही' म्हणायचा, आणि मीच लिहून ठेवल्याप्रमाणे नावापुढे नवा आकडा लावून तीच फाइल पुन्हा पाठवायला घ्यायचा.

एका सकाळी लातूरच्या शाखेचे मॅनेजर फोनवर. "मॅडम, ते प्रकाशाचं अपवर्तन किती वेळा पाठवायलाव? इथं त्याच तासाच्या चार फायली पडल्यात. डिस्क भरली माझी."

"अर्धवट असतील हो. एक तरी पूर्ण आहे का बघा."

"चारी पूर्ण हायत. चारी बघितल्या म्या. सर चारीत तोच जोक करायलेत."

म्हणजे फाइल पोचत होती. दर वेळी पूर्ण पोचत होती. फक्त माझ्या प्रोग्रामला ते कळत नव्हतं.

हाताशी आलेली गोष्ट आधी वापरायची आणि अडलं की मग वाचायची, ही माझी पद्धत. त्या दिवशी मी त्या जावाच्या क्लासचं वर्णन पहिल्या ओळीपासून वाचलं. पलीकडच्या मशीनशी याच्या दोन तारा जुळलेल्या असतात. एक बोलण्याची, एक माल नेण्याची. बोलण्याच्या तारेवरून सांगायचं की पाठवतोय. मग माल दुसऱ्या तारेवरून जात राहतो आणि तेवढा वेळ बोलण्याची तार गप्प असते. माल पूर्ण आला की पलीकडचा बोलण्याच्या तारेवरून कळवतो, पोचलं बरं का. पण माल जायला फार वेळ लागला, तर वाटेतल्या एखाद्या यंत्राला वाटतं की या तारेवर कुणी बोलतच नाही, मग कशाला ठेवायची? ते तार तोडून टाकतं. माल पोचतो, पोच येत नाही. आणि पाठवणारा तोच माल पुन्हा बांधायला घेतो.

उपायही तिथेच होता. माल जात असताना दर पाच मिनिटांनी बोलण्याच्या तारेवरून एक निरोप पाठवत राहायचा. त्या निरोपात काहीही काम नसतं; काही करू नको, एवढाच त्याचा अर्थ. फक्त तार जिवंत राहते. मी ती एक ओळ वाढवली. संध्याकाळी सरांचा सर्वांत लांबलेला तास पाठवायला लावला आणि चहा घेऊन समोर बसले. अडीच तासांनी पडद्यावर 'पोचलं' आलं. मी एकटीच हसले.

तेवढ्यात निलंग्याच्या कंडक्टरचा फोन. गाडीला उशीर झाला होता. स्टँडवर गेले तर तो डबा हातात धरून उभा, पण देईना.

"ताई, एक सांगू का? रागावू नका. अण्णा दर बारीला इचारतात, डबा दिला का रं. म्या म्हंतो, दिला. त्यायला पटंना. माझ्यावर आळ आलाय बघा, की मीच चटणी खायलोय."

अण्णांनी आयुष्यभर कंडक्टरकी केली, त्यामुळे कंडक्टरवर त्यांचा काडीचा भरवसा नाही. मला हसू आलं.

"हसू नका ताई. त्यांच्या घरचे डबे सरले. ह्यो बघा, चहापत्तीचा डबा हाय. तुमी एक फोन करा ना, माय."

डबा खरंच चहापत्तीचा होता. आईनं तिच्या हातानं घासूनघासून पांढरा केलेला. माझं हसू तिथंच थांबलं. मी स्कूटी काढलीच नाही. रसवंतीच्या बाकड्यावर बसून अण्णांना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"अण्णा, चटणी पोचली."

"कवाची?"

"आजची. आधीच्या पण सगळ्या पोचल्या."

अण्णा म्हणाले, "मंग सांगावं न्हाई का, बाई. म्या म्हनलं, आता आपलं काही लेकीपत्तुर पोचत न्हाई."

त्या स्टँडच्या गलक्यात, रसवाल्यासमोर, मी हमसून रडले. त्याने न विचारता रसाचा ग्लास पुढे केला. अण्णांना म्हटलं, मी चुकले असं समजू नका, पार्किंगमध्ये झोपणं मला अजिबात पटलेलं नाही. ते म्हणाले, "पटवून कुनी घ्यायलंय तुला?" मग मला बरं वाटलं.

पुढच्या फेरीला सगळे डबे भरून एका पोत्यातून गेले. कंडक्टरनं ते पोतं अण्णांच्या दारात नेऊन टाकलं आणि म्हणाला म्हणे, मोजून घ्या.

मग रोज संध्याकाळी फोन व्हायला लागला. बोलायला काही नसायचंच. अण्णा विचारायचे, काय करतीस. मी म्हणायची, फाइल पाठवतेय. ते म्हणायचे, कुठवर गेली? मी म्हणायची, लोहा ओलांडून गेली असेल. मग ते लोह्यापासून लातूरपर्यंतचा एस.टी.चा प्रत्येक थांबा सांगायचे. एखाद्या फाइलला इतक्या थाटात लातूरला कुणी नेलं नसेल.

एकदा असंच बोलता बोलता ते मध्येच थांबले. आमच्या त्या भागात भूकंपानंतर कधीमधी जमिनीतून आवाज येतो. काही होत नाही, भांडीसुद्धा हलत नाहीत, नुसता गडगडल्यासारखा आवाज येतो आणि लोक घराबाहेर येऊन उभे राहतात. मला फोनमधून काहीच ऐकू आलं नव्हतं. फक्त अण्णांचा श्वास ऐकू येत होता, धाप लागल्यासारखा. शेडमध्ये ते एकटे होते. इतक्या वर्षांत ते असे घाबरतात हे मी कधी ऐकलं नव्हतं, कारण तोवर शेजारी आई असायची.

"अण्णा? आवाज आला का?"

"आला जरा. काही न्हाई." मग म्हणाले, "तू कर तुजं काम. बोलू नगं. फोन तेवढा चालू ऱ्हाऊ दे."